पौषातलं जड मन

दिवाळीचे आकाशकंदील माळ्यावर गेले, नाताळच्या सुट्टीत आलेली नातवंडं परत गेली, आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे एका सुरातली पत्रं यायला लागली. साताऱ्याहून, वाईहून, सांगलीहून. कुणाला उठावंसं वाटत नाही, कुणाला घर खायला उठतं. त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, पत्रं थोडी आवरून घेतली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय 61. रोज पहाटे पाचला अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला चालायला जाते. सहाला परत, मग दिवसभर घरातच. तरी डिसेंबरपासून मरगळ आहे. दुपारी झोप, रात्री डोळा लागत नाही. टीव्हीवर 'विंटर ब्लूज' ऐकलं. मुलगा म्हणतो, त्यासाठी उजेडाचं यंत्र ऑनलाइन मिळतं. घेऊ का? (सातारा)

यंत्र घेऊ नका. तुमची पहाटेची वेळ तेवढी बदला.

हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या उदासीचं रीतसर वर्णन 1984 मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. लंडनसारख्या ठिकाणी डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. माणूस अंधारात कामाला निघतो आणि अंधारात परततो. तिथे दहा हजार लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेडाचा दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवून बसणं हा मान्य उपचार आहे. साताऱ्यात 22 डिसेंबरलासुद्धा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. त्यामुळे तो आजार त्याच्या पुऱ्या स्वरूपात आपल्याकडे फारसा दिसत नाही. पण त्यामागची यंत्रणा आपल्याही अंगात आहे. शरीराचं घड्याळ रोज सकाळी डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर लागतं. तो उजेड चुकला की घड्याळ मागे पडतं, सकाळी जडपणा राहतो आणि रात्री झोप उशिरा येते. तुम्ही लिहिलेलं नेमकं हेच आहे.

आता साताऱ्याचं आकाश बघा. संध्याकाळ सर्वांत लवकर होते ती नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या सुमाराला. सकाळ मात्र त्यानंतरही उशिराच होत जाते आणि जानेवारीच्या मध्याला सूर्य सात-दहाच्या आसपास उगवतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात ते खरं, पण सुरुवातीची ती सगळी वाढ संध्याकाळच्या पदरात पडते. शिवाय अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला आहे आणि थंडीतला सूर्य आग्नेयेकडून वर येतो, त्यामुळे किल्ल्याच्या पायथ्याशी ऊन आणखी उशिरा उतरतं. म्हणजे पाच ते सहा तुम्ही काळोखात चालता आणि उजेड होतो तेव्हा घरात असता. पायांना व्यायाम मिळाला, घड्याळाला काहीच मिळालं नाही.

घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड शे-तीनशे लक्स असतो. सूर्य उगवून अर्धा-पाऊण तास झाला की उघड्या अंगणात तो दहा हजारांच्या घरात जातो. ढगाळ असलं तरी काही हजार लक्स मिळतातच. मुलगा ज्या यंत्राला पैसे मोजणार आहे ते तुमच्या गच्चीवर रोज फुकट लागतं.

तेव्हा उठा साडेसहाला. कोमट पाणी, चहा, आणि साडेसात ते सव्वाआठ बाहेर. त्यातला निदान अर्धा तास उघड्यावर हवा. चालणं नको त्या दिवशी गच्चीवर खुर्ची टाकून भाजी निवडत बसलात तरी चालतं. कानटोपी घाला, मफलर गुंडाळा, पण काळा चष्मा नको. सूर्याकडे थेट बघायचं नाही, नुसतं मोकळ्यात असणं पुरतं. बंद काचेमागे बसू नका, तिथे उजेड फार कमी पोचतो. मोबाइलमध्ये मान घालून बसाल तर बाहेर असून नसल्यासारखंच. दुपारची झोप वीस मिनिटांची, तीही तीनच्या आत, गजर लावून.

पहिले तीन-चार दिवस फरक दिसणार नाही, उलट संध्याकाळी पेंग येईल. तिथेच बरेच जण सोडून देतात. घड्याळ सरकायला आठवडा लागतो. रविवारी जास्त झोपलात तर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून, कारण रोजची उठायची वेळ हाच यातला खिळा आहे.

चाळिशीनंतर, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर नक्कीच, कडाक्याच्या थंडीत पहाटे चढ चढू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. कृष्णाकाठी धुकं असेल तेव्हा दम्याच्या माणसांनीही ऊन पडेपर्यंत थांबावं. भल्या पहाटे चालण्याचं आपल्याला भारी कौतुक. ते उन्हाळ्यात ठेवू.

प्रश्न : आम्ही दोघंच. दिवाळीला लेक-जावई, नाताळात मुलगा-सून, घर भरलेलं. 2 जानेवारीला शेवटची गाडी गेली आणि घर एकदम गप्प. पत्नी दिवसभर पलंगावर. 'मन झालं की करीन' एवढंच म्हणते. मलाही संध्याकाळ नकोशी होते. (वाई)

दीड-दोन महिने घर माणसांच्या वेळेवर चाललं होतं. आठला नाश्ता, दुपारी पोरांचा दंगा, रात्री गप्पा. ती वेळ बांधणारी माणसं गेली आणि दिवसाची शिवण उसवली. त्यात पौष लागला की लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, म्हणजे घराबाहेर काढणारं निमंत्रणही नाही. तुमच्या पत्नी आळशी झालेल्या नाहीत.

'मन झालं की करीन' हे वाक्य फसवं आहे. मन खाली असतं तेव्हा क्रम उलटा चालतो. आधी हात हलतात, मन मागून येतं. मानसोपचारात हीच पद्धत वापरतात आणि ती घरी करता येते.

भिंतीवरची दिनदर्शिका खाली घ्या. पुढच्या चौदा दिवसांच्या प्रत्येक चौकोनात तीन गोष्टी लिहा: एक हाताची, एक पायाची, एक माणसांची. प्रत्येकीपुढे वेळ घाला. 'कपाट आवरणे' असं लिहू नका, 'अकरा वाजता कपाटाचा मधला कप्पा' असं लिहा. 'फिरणे' नको, 'साडेसातला घाटापर्यंत जाऊन गणपतीचं दर्शन' असं हवं. 'जमलं तर' हा शब्द या कागदावर येता कामा नये. काम सुरू करण्याआधी मनाला दहापैकी किती गुण ते पेन्सिलीने लिहा, झाल्यावर पुन्हा लिहा. बहुतेकांचा आकडा एखाद-दुसऱ्या गुणाने वर जातो. तो आपल्याच अक्षरात दिसला की दुसऱ्या दिवशी पलंग सोडणं थोडं सोपं होतं.

सगळ्यांकडून होणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं घर काढायचं, थकायचं आणि तिसऱ्या दिवशी पेन्सिल ठेवून द्यायची. काम इतकं लहान ठेवा की त्याला नाही म्हणायची लाज वाटावी.

मुलांना रोज 'जेवलास का' विचारायला फोन करू नका. तो दोन मिनिटांत संपतो आणि मग घर जास्तच गप्प वाटतं. बुधवार आणि रविवार, रात्री आठ, अर्धा तास, अशी वेळ ठरवा आणि बोलायला विषय ठेवा: नातवाला एखादं गणित घाला, सुनेला लोणच्याचं प्रमाण सांगा. बाकी माणसं वाईतच शोधा. पौषात लग्नं नसली तरी यात्रा आहेत. मांढरदेवीची यात्रा पौष पौर्णिमेला, पालच्या खंडोबाचं लग्नही पौषातच लागतं. गर्दी सोसत नसेल तर यात्रा उलटल्यावर साध्या दिवशी जाऊन या. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे दिवस. पत्नींना यंदा बोलावणी करायला लावा. पाच बायका बोलवल्या तरी वाण आणणं, तिळगूळ करणं, निरोप देणं यात चार दिवस भरतात.

संध्याकाळी सहा ते आठ ही तुमची अवघड वेळ आहे. अंधार पडायच्या आधीच पुढच्या खोलीतले दिवे लावा आणि त्या वेळेला दोघांनी मिळून करायचं एक गरम काम ठेवा. आमचं मत हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, माडग्याला. एकदा पाव किलो हुलगे निवडून मंद आचेवर खरपूस वास येईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, भाजा आणि गार झाल्यावर दळून ठेवा. दोघांसाठी दोन मोठे चमचे पीठ अर्धा कप गार पाण्यात कालवा. गरम पाण्यात थेट टाकलंत तर गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटा, मोडत नाहीत. दुसरीकडे अडीच कप पाणी उकळा, कालवलेलं पीठ ढवळत ओता आणि आठ-दहा मिनिटं शिजू द्या. कच्चट वास गेला आणि माडगं चमच्याला धरायला लागलं की दोन चमचे गूळ, पाव चमचा सुंठ, किंचित मीठ, वर थोडं तूप. दूध घालणार असाल तर गॅस बंद करून, माडगं थोडं निवल्यावर. गुळाबरोबर उकळलं तर दूध फाटतं. एकाने ढवळायचं, एकाने गूळ किसायचा. टीव्ही तोवर बंद.

प्रश्न : आमचा ऊस आणि हरभरा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात थंडीत पाणी पाजून पहाटे घरी येतो. मग चिडचिड, कुणाशी बोलू वाटत नाही, गडी दोन घोट घ्यायला लावतात. वय 38. (वाळवा तालुका)

तुमचा त्रास थंडीपेक्षा झोपेचा आहे. दर आठवड्याला पाळी बदलणं कारखान्यातल्या कामगारालाही झेपत नाही, तुम्ही तर ते चिखलात उभं राहून करता.

दोन्ही आठवड्यांत झोपेच्या वेळा ठरलेल्या ठेवता आल्या तर घड्याळ पार कोलमडत नाही. समजा रात्रीची लाईट दहा ते सहा आहे. त्या आठवड्यात जेवण साडेसहाला उरका आणि सात ते साडेनऊ झोपा. परत आल्यावर कोमट पाण्याने हात-पाय धुऊन थोडं खा आणि साडेसहा ते अकरा सलग झोप घ्या. सलग हा शब्द महत्त्वाचा. खिडकीला गोधडी टांगा, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि घरच्यांना सांगा की अकरापर्यंत हाक नको. दूध डेअरीला घालायचं काम त्या आठवड्यापुरतं दुसऱ्याकडे द्या. अकराला उठल्यावर मात्र अर्धा तास उन्हात बसा. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्री दहाला झोपून सहाला उठा, आणि पाळी बदलायच्या आदल्या दिवशी दुपारी दीड तास आडवे व्हा.

चहा रात्री दोनपर्यंतच. नंतर घेतलात तर सकाळची झोप पातळ होते.

अंगात एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत बनियन, मध्ये लोकरी स्वेटर, वर वाऱ्याला अडवणारं काही. गमबूट आणि मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत हवाच. ओले पाय तसेच राहिले की अख्खं अंग गारठतं. शिराळा-कऱ्हाड भागात उसात बिबट्या असतो, म्हणून एकट्याने जाऊ नका. बॅटरी आणि काठी जवळ ठेवा, बांधावरून चालताना मोबाइलवर गाणी मोठ्याने लावा.

दारूबद्दल स्पष्टच लिहितो. घोट घेतला की ऊब वाटते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतली उष्णता बाहेर येते. म्हणजे अंग खरं तर गार पडत असतं आणि कळत नाही. झोप लागते पण दोन-तीन तासांत तुटते, आणि दुसऱ्या दिवशीची चिडचिड त्यातूनच येते. दोन घोटांपेक्षा थर्मासमधलं गूळ-सुंठेचं पाणी न्या. गडी हसतील, हसू द्यात.

जमेल तर ठिबक आणि पंपाला मोबाइलवरचा स्टार्टर बसवा. रात्रभर उभं राहण्याऐवजी दोनदा फेरी मारून भागेल.

प्रश्न : थंडीत सारखं गोड खावंसं वाटतं. डिंकाचे लाडू, चिक्की, तिळाच्या पोळ्या. गेल्या हिवाळ्यात चार किलो वाढले. मिस्टरांना शुगर आहे, ते म्हणतात गूळ चालतो. रात्री हळदीचं दूध घेतलं तर मन हलकं होतं का? (सांगली)

मिस्टरांना सांगा, गूळ चालत नाही. गुळात थोडं लोह आणि इतर क्षार असतात, पण रक्तातली साखर तो साखरेइतकीच चढवतो. हा समज फार घरांत आहे आणि त्याची किंमत पायांच्या जखमांनी मोजावी लागते.

डिंकाचा मध्यम लाडू साधारण चाळीस ग्रॅमचा. तूप, गूळ, खोबरं, खारीक मिळून त्यात दोनशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे दोन पोळ्यांचा ऐवज. सकाळी एक लाडू हाच नाश्ता धरला तर बिघडत नाही. आपण पोह्यांच्या वर लाडू खातो आणि चार वाजता चहाबरोबर दुसरा. लाडू लिंबाएवढे वळा, मोजून डब्यात भरा, आणि डबा ओट्यावर नको, वरच्या फळीवर.

संध्याकाळची गोडाची ओढ बहुतेकदा दुपारच्या जेवणातून येते. भात-आमटीवर जेवण संपलं की चारला पोट मागायला लागतं. दुपारी बाजरीची भाकरी, वाटीभर उसळ आणि एक पालेभाजी घ्या. पावटा आणि ओला हरभरा याच दिवसांत असतो, उसळीला कोरेगावकडचा वाघ्या घेवडाही चालतो. भोगीची भाजी वर्षातून एकदाच का करायची? महिनाभर आठवड्यातून दोनदा करा, फक्त तेल दोन चमच्यांत बसवा.

बाजरीचं पीठ महिन्याचं दळून ठेवू नका. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे आठ-दहा दिवसांत पीठ कडसर होतं. मग घरातले बाजरीला नावं ठेवतात आणि पुन्हा गव्हावर येतात. किलोभरच दळा. या पिठाला गव्हासारखी चिकटी नसते, म्हणून ते कढत पाण्यात भिजवावं आणि एकेका भाकरीपुरतंच मळावं. मळून ठेवलेला गोळा थापताना कडेने फाटतो. पाण्याचा हात फिरवलेली बाजू वर ठेवून तव्यावर टाका आणि पाणी सुकायच्या आत उलटा. उशीर झाला की वर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही.

गोड हवंच असेल तर चमचाभर आळीव अर्धा कप नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवून घ्या, किंवा मूठभर शेंगदाण्यांबरोबर दहा-बारा बेदाणे खा. बेदाणे तुमच्या गावचेच. मिस्टरांना शेंगदाणे द्या, बेदाणे नकोत.

सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा अभिमान आम्हालाही आहे, पण ती मनाचं औषध नाही. पाव चमचा हळद, चिमूट मिरपूड आणि कपभर दूध झोपण्यापूर्वी घेतलंत तर त्यात चांगलं काय, तर गरम काहीतरी सावकाश पिण्यात गेलेली मोबाइलशिवायची दहा मिनिटं. ती चांगलीच. हळदीच्या गोळ्या मात्र परस्पर घेऊ नका, रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर मुळीच नाही.

प्रश्न : आईला थकवा होता म्हणून डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची 60,000 ची पुडी आठवड्याला एक अशी दिली होती. वर्ष झालं, ती दुकानातून आणून अजून घेते. रोज सकाळी सातला उन्हातही बसते. बरोबर ना? (कऱ्हाड)

नाही, दोन्ही बाजूंनी गडबड आहे. आठवड्याची पुडी साधारण सहा ते आठ आठवडे देतात, मग मात्रा उतरवतात. वर्षभर घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मूतखडे, आणि गंमत अशी की थकवाही. पुडी थांबवा आणि ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) तपासून डॉक्टरांना दाखवा.

सकाळी सातच्या सुमाराचं ऊन, म्हणजे जानेवारीत उगवतीचं ऊन, घड्याळासाठी आणि मनासाठी. त्या तिरप्या उन्हात ड जीवनसत्त्व बनवणारे किरण नगण्य असतात. त्यासाठी आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान हवी. डिसेंबर अखेरीस आपल्या भागात ती वेळ साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे टाकून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. रंग सावळा असेल तर थोडं जास्त.

प्रश्न : इथे गारठा फार. रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारं लावली तर चालेल का? बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. (पाचगणी)

नाही. बंद खोलीतल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो. धूर निघायचा थांबला, निखारे लाल झाले की शेगडी 'सुरक्षित' झाली असं मानतात, तेव्हाही तो वायू निघतच असतो. शेगडी अंगणात शेका, झोपायच्या खोलीत आणू नका.

गॅस गिझरचंही तेच. तो बाथरूमच्या बाहेर हवेशीर जागी बसवून पाणी नळीने आत घ्या. तोवर बादली भरून गिझर बंद करा आणि मगच आत जाऊन कडी लावा. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ जाणवली तर आधी बाहेर पडा.

गादीत ऊब हवी तर रबरी पिशवी घ्या. उकळतं पाणी नको, ते पाच मिनिटं निवू द्या. पिशवी दोन-तृतीयांश भरा, दाबून हवा काढा, बूच घट्ट करा, वर टॉवेल गुंडाळा. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं पायथ्याशी ठेवून मग काढून टाका. मधुमेह्यांच्या पायांना चटका कळत नाही. आणि गोधड्या दुपारी उन्हात टाका. दमट गोधडी कितीही जाड असो, ती गारच लागते.

प्रश्न : आमच्या आत्याबाई (सासूबाई), वय 72. दिवाळीपर्यंत रोज देवळात जायच्या, भजनात पुढे. आता दीड महिना घरातून हलत नाहीत. पहाटे तीनला उठून बसतात. जेवण निम्म्यावर, पाच किलो उतरल्या. 'माझा तुम्हाला भार झालाय' म्हणतात. मालक म्हणतात थंडीचं आहे, ऊन पडलं की बरं वाटेल. (कोरेगाव)

उन्हाची वाट बघू नका. हे थंडीचं नाही.

थंडीच्या किंवा सुट्टीनंतरच्या मरगळीत माणूस जास्त झोपतो, जास्त खातो आणि चार माणसांत बसलं की खुलतो. इथे झोप पहाटे तुटते, भूक गेली आहे, आवडीचं भजन सुटलं आहे, आणि स्वतःला भार समजणं सुरू झालं आहे. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते नैराश्य आहे असं धरून डॉक्टरांकडे जायचं. म्हातारपणी ते रडण्यातून क्वचितच दिसतं. अंगदुखी, विसराळूपणा, 'पोट साफ नाही' अशा तक्रारी पुढे करून ते येतं.

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-12, साखर, क्रिएटिनिन आणि सोडियम तपासून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी वयस्कांचं सोडियम उतरतं आणि माणूस असाच मलूल होतो, म्हणून चालू गोळ्यांची सगळी पाकिटं बरोबर न्या. मग मानसोपचारतज्ज्ञ. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 वर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. 2022 च्या ऑक्टोबरपासून ती सुरू आहे.

औषध सुरू झालं तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता होऊ शकते. 'गोळ्यांनी जास्तच झालं' म्हणून घरची मंडळी तिथेच थांबवतात. थांबवू नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटल्यावरही परस्पर बंद नाही.

एक प्रश्न त्यांना आजच विचारा, शांतपणे, दोघीच असताना: 'आत्या, जगूच नये असं कधी मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, किंवा त्यांनी नुसती मान फिरवली, तर त्यांना एकटं ठेवू नका. कीटकनाशकाचे डबे आणि शिल्लक गोळ्या कुलपात टाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सकाळचं ऊन, माडगं, भजनाला सोबत हे सगळं करा, पण उपचाराच्या जोडीने. 'मन खंबीर करा' असं कुणालाही म्हणू देऊ नका. देवळात न्यायचं तर पूर्ण आरतीला नको, पायरीपर्यंत जाऊन परत या, दुसऱ्या दिवशी आत.

आणि डॉक्टरांकडे मालकांना एकट्याने पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. आत्याबाई खुर्चीत बसून 'मला काही झालं नाही, थंडी बाधली' असंच सांगतील. पहाटे तीनची जाग, पाच किलो आणि सुटलेलं भजन, हे एका चिठ्ठीवर तारखांनिशी लिहून न्या आणि ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या.